दोन चौकटींमधली माय

सोमवारी पानं छापायला जाणार होती आणि शनिवार उजाडला तरी मी ती मायला दाखवली नव्हती.

अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक होतं. हल्ली त्याला ग्राफिक कादंबरी म्हणतात. माझ्या तोंडात मात्र कॉमिक्स हाच शब्द बसलाय. मी भंडाऱ्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. शाळा सुटल्यावर, वह्या तपासून झाल्यावर, दोन वर्षं मी हे पुस्तक काढत होते. नागपूरचे एक प्रकाशक ते छापायला तयार झाले, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. मी पेढा अर्धाच खाऊन ठेवून दिला. कारण गोष्ट माझ्या नवव्या वर्षातली होती आणि तिच्यात माय होती, जवळजवळ प्रत्येक पानावर. त्या गोष्टीत माय आपल्या मुलीवर रागावून घर सोडून जाते.

तेव्हा मी चौथीत होते. आमचं गाव सानगडीपासून सायकलने अर्ध्या तासावर. मामा एकोडीचा, पण गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला होता. महिन्यातून एकदा यायचा तेव्हा स्टेशनवरून जुनी हिंदी कॉमिक्स आणायचा. मुखपृष्ठं फाटलेली, शेवटचं पान बहुतेक वेळा गायब. हिंदी मी त्यातच शिकले. आणखी एक गोष्ट शिकले, पण ती शिकले हे कळायला फार वर्षं लागली. एका चौकटीत एकाने मूठ उगारलेली असते. पुढच्या चौकटीत दुसरा जमिनीवर पडलेला असतो. ठोसा कुठेच काढलेला नसतो. तो मधल्या पांढऱ्या पट्टीत असतो आणि तो वाचणाऱ्याने मारायचा असतो. मी रोज असे शंभर ठोसे मारत होते.

रोवणीच्या आधी धानाची रोपं एका बांधीत, म्हणजे छोट्या खाचरात, दाट वाढवतात. त्यांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. ते हिरवंगार कोवळं पाहून बकऱ्यांना राहवत नाही, म्हणून कुणीतरी राखायला बसावं लागतं. त्या दिवशी माय आणि बाबा दोघंही सकाळीच निघाले. "सानगडीले जाऊन येतो," असं बाबा म्हणाले आणि मला काठी देऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवलं. माझ्या फ्रॉकच्या आत कॉमिक्स होतं. मान वर केली तेव्हा सहा-सात बकऱ्या बांधीत होत्या आणि अर्धे पऱ्हे नव्हते.

माय-बाबा दुपार उतरल्यावर परतले. बाबा बांधीवर जाऊन पाहून आले. मला वाटलं, आता मार बसणार. ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आत्याने, म्हणजे आमच्याजवळच राहणाऱ्या बाबांच्या विधवा बहिणीने, मला दोन धपाटे घातले. दिवेलागणीला मी स्वयंपाकखोलीच्या दाराशी उभी होते. आतून बाबांचा आवाज आला. ते मायला म्हणत होते, "उद्या सकाळीच निघ तू. पोरीजवळ नको राहू."

सकाळी सायकल अंगणात उभी होती. हँडलला गाठोडं बांधलेलं, माय मागे कॅरिअरवर. मी धावत गेले. तिने हात वर केला. "तितंच राय. जवळ नको येऊ," म्हणाली. तोंडावर पदर धरला होता, त्यामुळे मला तिचे फक्त डोळे दिसले, आणि तेही तिने वळवून घेतले. बाबांनी पायडल मारला.

त्याच दिवशी मी माझी चौदाच्या चौदा कॉमिक्स सुतळीने बांधली, त्यात दगड अडकवला आणि घरामागच्या बोडीत सोडून दिली. सुतळी नीट बांधता आली नसावी. संध्याकाळी सगळं तळं पानांनी भरलं होतं. आत्याने ते पाहिलं आणि मला हाताला धरून घरात आणलं.

माय परत आली तेव्हा धान पोटरीला आलं होतं. ती वाळली होती. बरेच दिवस स्वयंपाकखोलीत एकटी झोपायची. मी काही विचारलं नाही. विचारायचं कशाला? माझ्याकडे उत्तर होतं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी कॉमिक्सला हात लावला नाही. नागपूरला चित्रकलेचा कोर्स करायला गेले तेव्हा तिथल्या लायब्ररीत एक परदेशी पुस्तक सापडलं. त्यात एकही शब्द नव्हता, नुसत्या चौकटी. एक माणूस घर सोडून दुसऱ्या देशात जातो, एवढंच. उभ्या उभ्याच मी ते वाचलं. वाचताना मला लक्षात आलं की तो माणूस रडलाय, पण त्याचं रडणं एकाही चित्रात नाहीये. मी मागे जाऊन दोनदा शोधलं. नव्हतंच. ते मीच घातलं होतं. त्या दिवसापासून मी परत चौकटी काढू लागले.

वर्गातही मी हेच शिकवते. फळ्यावर दोन चौकोन काढते. पहिल्यात हिरवी बांधी आणि कडेला एक बकरी. दुसऱ्यात रिकामी बांधी, बकरी गायब. "काय झालं?" सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "बकरीनं खाल्लं, मॅडम!" मग मी म्हणते, खाताना कुणी पाहिलं? एवढ्या वर्षांत हे चित्र मी किती वर्गांना दाखवलं असेल, पण ते कुठून आलं हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि एक गोष्ट मी स्वतःलाही कधी विचारली नाही: ती बकरी कदाचित नुसतीच निघून गेली असेल, आणि धान दुसऱ्याच कुणी कापलं असेल.

पुस्तक काढताना मी सगळी कारागिरी पणाला लावली. बकऱ्यांच्या पानावर बारा बारीक चौकटी घेतल्या, कारण लहान चौकटी पटापट वाचल्या जातात आणि छाती धडधडते. बाबांचं वाक्य एका काळ्या चौकटीत, फुग्यात, बोलणारा दिसतच नाही. त्याच्या लगेच पुढचं पान पूर्ण एकाच चित्राचं: सायकल, गाठोडं, पदराआड तोंड, वळवलेले डोळे. त्यावर अक्षर नाही. पुस्तक तिथेच संपत होतं. ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते त्या पानावर थांबायचे. प्रकाशक म्हणाले, "हे पान अंगावर येतं." मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी वाटलं, मायला हे पान दाखवायची माझी हिंमत नाही.

तिला अक्षरं येत नाहीत. एसटीची पाटी ओळखते, नोटा ओळखते, सही करते. तिला न दाखवता छापलं असतं तरी ती पुस्तक वाचणार नव्हती. हा विचार माझ्या मनात आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गावातल्या कुणीतरी तिला दाखवलंच असतं. "पाय वो, तुह्या पोरीनं तुले काय काढलं." त्यापेक्षा मी दाखवलेलं बरं. रविवारी सकाळी साकोलीची गाडी धरली, पानांची फाइल मांडीवर.

माय अंगणात उन्हात बसून लाखोळीची भाजी निवडत होती. आता सत्तरीच्या पुढे आहे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आत्या त्यांच्याही आधी गेली.

"काय आनलं बाई?"

"मी पुस्तक काढलं, माय. त्याची पानं हाय. तू पाय."

"मले वाचता येते का?"

"वाचायचं नाही. पायत जायचं. इथून असं, मंग असं, मंग खाली."

तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि पहिलं पान मांडीवर घेतलं. मी समोर बसून भाजी निवडू लागले, म्हणजे माझे हात कुठेतरी गुंतून राहतील. ती बोट फिरवत एकेक चौकट पाहत होती. माझ्या शहरातल्या मित्रांपेक्षा सावकाश. घर ओळखलं. आत्या ओळखली आणि हसली, "नाक तं बराबर बसवलं तिचं." मग बकऱ्यांचं पान आलं. तिथे ती बराच वेळ थांबली. मी निवडलेलीच भाजी परत निवडू लागले.

"हे बकऱ्या काऱ्या कायले काढल्या? पांढऱ्या होत्या ना. खालच्या मोहल्ल्यातल्यायच्या होत्या. त्यायनं मंग आपल्याले त्यायचे पऱ्हे देल्ले, तवा रोवना झाला."

हे मला माहीत नव्हतं. आमचं रोवणं त्या वर्षी कसं झालं, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता.

ती काळ्या चौकटीवर आली. फुग्यावर बोट ठेवलं. "इथं काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. माझा आवाज मला परका वाटला. "उद्या सकाळीच निघ तू. पोरीजवळ नको राहू."

"हो," माय म्हणाली. "असंच म्हनलं होतं तुह्या बाबानं. तू आयकलं होतं?"

"दारात होती मी."

तिने पान उलटलं. सायकलचं चित्र पाहिलं. परत पान मागे घेतलं, काळी चौकट पाहिली. परत पुढे. दोन्ही पानं तिने अंगणात शेजारी शेजारी मांडली आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, बोट टेकवलं.

"पन हे कायले म्हनलं, ते कुठी हाय?"

"कायले म्हंजे? मी पऱ्हे खाऊ देल्ले म्हनून. तुले राग आला होता. बाबालेही आला होता."

तिने चष्मा काढला. माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मी कुणी भलतीच बाई तिच्या अंगणात येऊन बसले आहे.

"तुले असं वाटलं?"

"मंग?"

"अवो बाई," ती म्हणाली, "मले टीबी झाला होता."

मग तिने सांगितलं. त्या दिवशी ती दोघं सानगडीला गेलीच नव्हती. साकोलीला सरकारी दवाखान्यात गेली होती. आधी थुंकी तपासायला दिली होती, तिचा रिपोर्ट आणायला. "डॉक्टरनं सांगतलं, घरी लहान पोरगी हाय तं तिच्यापासून दूर राहा. गोळ्या लागू पडेपर्यंत तिले जवळ घेऊ नका. तवा आपल्या घरी निजायले एकच खोली, तू तं रोज माह्या कुशीत. म्हनून बाबानं म्हनलं, एकोडीले पोचवून देतो. भावाचं घर मोठं हाय."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू शाळेत सांगून बसली असती. तवा लोक त्या घरचं पानी पेत नव्हते. तुह्यासंग कोनी खेललं असतं का? मंग तू मोठी झाली. मले वाटलं, आत्यानं सांगतलं असन."

आत्याला वाटलं असेल, मायने सांगितलं. बाबांना वाटलं असेल, दोघींपैकी कुणीतरी. त्याच पावसाळ्यात माझ्या हाताला, कोपराच्या खाली, सुई टोचून आणली होती, ती मी आजवर साधी लस समजत होते. ती तपासणी होती, मला लागण झाली की नाही हे पाहायची. माय सांगत गेली आणि माझ्या पुस्तकातली पानं एकेक करून दुसरी होत गेली. रेघ एकही बदलली नव्हती.

"हे तं तू बराबर काढलं," ती सायकलच्या चित्रावर वाकून म्हणाली. "पदर. तुले मालूमच नव्हतं, तं काढलं कसं?"

"दिसला तसा काढला."

"तुह्याकडं तोंड करून खोकू नये म्हनून धरला होता. आन डोये वळवले ते, पाहिलं असतं तं उतरून आली असती मी."

मला रडायला यायला हवं होतं. आलं हसू. आधी थोडं, मग आवरेना. माय घाबरली, पाणी आणू का म्हणाली. मी नको म्हणाले. इतकी वर्षं मी माझ्या मानेवर काहीतरी घेऊन बसत होते, उठत होते, वर्गात शिकवत होते, लग्न केलं, दोन मुलं वाढवली, आणि ते तिथे आहे हे मला ते उतरल्यावर कळलं. मी खरंच मान इकडेतिकडे फिरवून पाहिली. फिरत होती.

"आन बाबा? ते तं रागावले होते ना? माह्यासंग बोलले नाही."

"रागावला कायचा. रस्त्यात मले म्हने, पोरीले काही म्हनलं नाही मी, बराबर केलं ना? एकोडीच्या अलीकडं सायकल थांबवली आन रडला. मंग निघताना मले म्हने, खाली नको पडू, धरून बस."

माझ्या चित्रात बाबांची नुसती पाठ होती. पाठीवरून कळेल एवढंच मी त्यांना दिलं होतं.

दुपारी जेवताना मी तो विषय काढला ज्याची मला सकाळपर्यंत भीती होती आणि आता नव्हती. "माय, हे पुस्तक छापू का? बिमारीचं पन टाकावं लागंन. लोक वाचतीन."

तिने भाताचा घास कालवला, खाल्ला. "टाक. आता मले कोनाचं भेव हाय? आन बरी झाली मी, ते बी टाकजो." मग जरा वेळाने, "मले जाताना काढलं तं येतानाही काढ."

"तू कशी आली होती? मले आठवत नाही."

"तू शाळेत होती. मी गाडीनं आली, एकटी. घरी नाही गेली पयले. शाळेपाशी आली, खिडकीतून पाह्यलं. तू खाली मान घालून काही काढून राहिली होती पाटीवर. मास्तरनं मले पाह्यलं, म्हने बोलवू का? म्हनलं नको, काढू द्या तिले."

हे ती अगदी साध्या आवाजात, लोणच्याची फोड बाजूला सारत म्हणाली.

मी ओसरीवर जाऊन प्रकाशकांना फोन लावला. म्हटलं, पानं उद्या देता येणार नाहीत, गोष्ट चुकलीये. ते वैतागले. "मॅडम, आता? चुकलीये म्हणजे काय? किती पानं?" मी म्हटलं, काढलेलं सगळं बरोबर आहे, पण मधलं राहिलंय, आठ दिवस द्या. त्यांनी कुरकुरत पंधरा दिले. परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. लाखनीच्या आधीच माझा डोळा लागला, तो थेट भंडाऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरने हलवलं तेव्हा उघडला. गाडीत झोप येणारी मी नव्हे.

पंधरा दिवसांत अकरा पानं झाली. जुनं एकही पान मी काढून टाकलं नाही. वाचणाऱ्याने आधी माझ्यासारखंच चुकावं, मायवर रागवावं, त्या मुलीची कीव करावी, असं मला वाटलं. सायकलच्या चित्रानंतर मी दवाखान्याचा बाक काढला, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली दोघं काढली. एकोडीच्या अलीकडे थांबलेली सायकल काढली आणि या वेळी बाबा समोरून. त्यांचा चेहरा काढायला चार दिवस लागले. शाळेच्या खिडकीचं पान सगळ्यात सोपं गेलं, एका बैठकीत.

पुस्तक आलं. दहा प्रती घेऊन मी गावी गेले. मायने एक आपल्याजवळ ठेवली आणि बाकीच्या मामाकडे पाठवायला सांगितल्या. नंतरच्या सुट्टीत गेले तेव्हा ती अंगणात पाच-सहा बायांना पुस्तक वाचून दाखवत होती. म्हणजे बोट चौकटीवर आणि गोष्ट तोंडाने. तिच्या तोंडी ती माझ्यापेक्षा चांगली होती, आणि बकऱ्या पांढऱ्या होत्या. बाया मध्ये मध्ये "हव, हव" करत होत्या. दवाखान्याच्या पानावर आली तेव्हा तिने आवाज बारीक केला नाही.

शेजारच्या घरची बाई, मायच्याच वयाची, एवढा वेळ खांबाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "मलेही झाला होता. सहा महिने गोया खाल्ल्या. आजवर कोनाले सांगतलं नाही."

बाकीच्या बाया तिच्याकडे वळल्या. माय मात्र पान उलटत होती.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तुह्या बांबूच्या ताटवीवर गोयायची पुडी खोचली पाह्यली होती मी. माह्यावाल्यासारखीच होती."

"तं बोलली काहून नाही वो, माहे माय?"

"तू बोलली का?"

दोघीही हसू लागल्या, आणि मग सगळ्याच.